गिरणीतला कान

गिरणीत मला सगळं ऐकू यायचं. हे सांगितलं की लोक हसतात. पट्टा फिरायला लागला की शेजारी उभ्या असलेल्या दोन बायकांना एकमेकींचं बोलणं कळत नाही, आणि ही म्हणते मला तिथंच ऐकू यायचं. पण खरंच यायचं. बंद खोलीत, देवळात, घरी जेवताना कुणी बोललं तर ते माझ्यापर्यंत पोचायचं नाही. दगड घरघरायला लागले, पिठाची धूळ उडायला लागली, की माझं सुरू व्हायचं. "गव्हावर टाक गं!" "बाजरीवर नको हं, मागच्या खेपेला काळं पीठ दिलंस!" "जाडसर काढ, लाडवाला हवंय!" एकेक शब्द लख्ख.

गव्हावर टाक म्हणजे काय, ते ज्यांच्या घरी पाकिटातलं पीठ येतं त्यांना कळणार नाही. एकाचं दळण संपलं तरी दगडांत थोडं पीठ अडकून राहतं आणि ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. म्हणून प्रत्येक बाई आधी विचारते, आता कशावर टाकतेस? गव्हावर गहू चालतो. ज्वारीवर बाजरी चालते. बाजरीवर गहू कुणालाच चालत नाही. आमच्या गिरणीत दोन मशीन आहेत, मोठं गव्हाचं आणि लहान ज्वारी-बाजरीचं. कुणाचं कशावर टाकायचं हे सांभाळणं हेच माझं काम. बाकी दळायचं काम मशीन करतं.

मी किनवटकडची. तिथून नाशिक म्हणजे आमच्याकडच्या लोकांना दुसरा देशच. लहानपणापासून माझे दोन्ही कान वाहायचे. आई लसणाचं तेल कोमट करून घालायची, कापूस कोंबायची, आणि उन्हात बसवायची. पडद्याला भोकं पडली, मग आतली बारीक हाडं सडली, असं पुढे डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा एवढंच कळायचं की कानाला वास येतो म्हणून बाकावर शेजारी कुणी बसत नाही. गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलायचे. त्यांची पाठ मला पाठ आहे, शिकवलेलं काहीच नाही. सातवीनंतर मी शाळेत गेले नाही आणि कुणी बोलवायलाही आलं नाही.

मावशी आणि काका द्राक्षांच्या छाटणीला दिंडोरीकडे यायचे, त्यांच्याबरोबर आईने मला पाठवलं. नाशिकला मोठे दवाखाने आहेत, कान दुरुस्त करून ये, म्हणाली. बागेत मी एकदाच ट्रॅक्टरखाली येता येता वाचले. मागून आला, मला कळलाच नाही, काकांनी वेणी धरून ओढलं. त्यानंतर मावशीने मला शहरात आणून द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीतल्या या गिरणीत सोडलं. गिरणी एका बाईंची. नवरा गेल्यावर त्याच चालवतात. सगळे त्यांना काकू म्हणतात म्हणून मीही म्हणते, नात्याच्या नाहीत. काकूंना गिरणीत राहून काम करणारी मुलगी हवी होती. मावशीने माझ्या कानाचं काही सांगितलं नाही. मला वाटतं, सांगितलं असतं तर ठेवलं नसतं. पण काकूंबद्दल असं बोलताना जीभ अडखळते. त्यांनी मला मागच्या खोलीत जागा दिली, स्वतःच्या ताटातलं दिलं, आणि पुढे जे दिलं ते सांगणारच आहे.

बरेच दिवस काकूंना कळलंच नाही. कळणार कसं? मी दिवसभर गिरणीत आणि गिरणी दिवसभर चालू, आणि रात्री मी तोंडाकडे बघून अंदाज करायची. फक्त एक तक्रार होती, मी फार हळू बोलते. "तू बोलतेस का मनातल्या मनात दळतेस?" असं विचारायच्या. मला माझा आवाज डोक्यात एवढा मोठा घुमायचा की बाहेर तो पोचत नसेल असं वाटायचंच नाही. पापड खाल्ला तर जग बंद व्हायचं. म्हणून कुणी बोलायला लागलं की मी घास तोंडात तसाच धरून थांबायची. काकूंना वाटायचं, काय संस्कारी मुलगी आहे.

मग उन्हाळ्यात एका दुपारी लाईट गेली. मशीन थांबलं. काकू काहीतरी म्हणाल्या. मी डबे पुसत राहिले. पुन्हा म्हणाल्या. तिसऱ्यांदा त्यांनी खांदा धरून मला वळवलं, चेहरा लाल झाला होता. "कधीपासून बोलतेय मी! माज आला का?" हे मात्र त्या एवढ्या जोरात बोलल्या की मला ऐकू आलं. दोन-तीन दिवस असंच झालं, कारण त्या आठवड्यात लाईट सारखी जात होती. शेवटी त्यांनी माझ्या पाठीमागे उभं राहून टाळी वाजवली, मग ताट वाजवलं. मग समोर येऊन कपाळाला हात लावला. "अगं बाई, ही पोरगी लाईट गेली की बहिरी होते!"

मला वाटलं, झालं, आता पिशवी भरायची. काकूंनी शटर अर्ध्यावर ओढलं आणि मला दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी एक लोखंडी काटा टेबलावर आपटला आणि माझ्या कानाजवळ धरला. काही नाही. मग त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला आणि माझ्या डोक्यात घंटाच सुरू झाली. मी दचकून मागे सरकले. डॉक्टर काकूंना मोठ्याने सांगत होते, मलाही कळावं म्हणून. "हिची नस उत्तम आहे. आवाज आत न्यायची वाट तेवढी बंद आहे. कान वाहतात, त्यामुळे कानात घालायचं मशीन चालणार नाही. आपण हाडावाटे आवाज आत पाठवू." कानामागे हाडात एक छोटा स्क्रू बसवायचा, तो हाडात पक्का झाला की त्यावर बाहेरून मशीन लावायचं. मशीन आवाज घेतं, स्क्रू हलवतं, हाड ऐकतं. आमच्याकडे हाडात काही बसवतात ते बैलगाडीच्या धुरेवरून पडलेल्या माणसाला.

काकू कुणाकुणाला भेटल्या, कुठल्या संस्थेचा कागद आणला, हे सगळं माझ्या डोक्यावरून गेलं. मला एवढं माहीत की ज्या दिवशी माझं ऑपरेशन होतं त्या दिवशी गिरणी बंद होती, आणि गिरणी कधीच बंद नसते. जखम भरेपर्यंत मला पिठाच्या धुळीत जाऊ दिलं नाही. मी वर काकूंच्या घरात बसून धान्य निवडायची, आणि काकू खाली एकट्या दोन मशीन सांभाळायच्या. रोज संध्याकाळी मऊ ब्रशने स्क्रूभोवतीची कातडी त्याच साफ करायच्या, कारण मला ती जागा दिसत नाही. "हलू नकोस, बटण टाचतेय असं समज," म्हणायच्या. बटण म्हणजे तेच, कानामागे केसांत.

काही महिन्यांनी मशीन लावायचा दिवस आला. दवाखान्यातल्या ऐकण्याच्या चाचण्या करणाऱ्या ताईंनी ते उजव्या बाजूच्या बटणावर टक् करून बसवलं. त्या माझ्यापासून लांब जाऊन, तोंड झाकून, साध्या आवाजात म्हणाल्या, "जेवलीस का?"

मला रडू आलं असं काकू सगळ्यांना सांगतात. रडू आलं होतं, पण ते जेवलीस का या शब्दांनी नाही. पंख्याने. पंखा असा सारखा बोलत असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझी ओढणी मशीनवरून घासली तर पत्र्यावरून खराटा फिरवल्यासारखं झालं. बाहेर आलो तर द्वारकेचा चौक. रिक्षा, बस, हॉर्न, शिट्टी, सगळं एकाच ठिकाणाहून, माझ्या उजव्या कानामागून. मी उजवीकडे वळून बघायची आणि गाडी डावीकडून निघून जायची. काकूंनी माझा दंड धरून रस्ता पार केला. म्हणाल्या, "होईल सवय." मीही तेच म्हणाले. एवढं सगळं केल्यावर दुसरं काय म्हणणार?

आईचा फोन आला. पूर्वी मी फोनचा आवाज पूर्ण वाढवून तो कानाला न लावता मागच्या हाडाला दाबायची, तसं केलं की थोडं कळायचं. या वेळी मशीनजवळ धरला. आईचा आवाज पहिल्यांदाच एवढा स्वच्छ ऐकला. तो एवढा बारीक असेल असं वाटलं नव्हतं.

"बाई, कान दुरुस्त झाला ना?"

"झाला."

"मंग येऊन जाय आता. कानासाठी गेली होतीस ना? झालं ना काम? काहून राहतीस लोकाच्या घरी?"

मी म्हणाले, बघते. कान हेच माझं नाशिकला असण्याचं कारण होतं. तो बरा झाला तर आता मी इथं कशासाठी आहे? गिरणीसाठी. गिरणीत माझ्यासारखी दुसरी नाही म्हणून. किनवटला जाऊन मी काय करणार होते, भिंतीला टेकून बसणार आणि लोक माझ्यासमोरच माझ्या लग्नाचं बोलणार. गिरणी हातची जाऊ द्यायची नाही, एवढं एकच मी त्या दिवशी मनाशी ठरवलं. आईला तसं सांगितलं मात्र नाही. ती म्हणाली, दसरा झाला की न्यायला येते.

मग मी मशीन लावून गिरणीत उभी राहिले आणि मला काहीच कळेना.

घरघर पूर्वी बाहेर असायची. आता ती थेट हाडात होती. दगड माझ्या कवटीतच फिरताहेत असं व्हायचं. त्यात बायकांचे शब्द कुठे बुडायचे ते सापडायचं नाही. आणि त्याहून विचित्र म्हणजे, बायका हळू बोलायला लागल्या. काकूंनी सगळ्यांना अभिमानाने सांगून ठेवलं होतं, "आता ओरडायचं नाही हं. आमच्या पोरीला सगळं ऐकू येतं." मग जी बाई इतके दिवस माझ्या अंगावर ओरडायची ती आता कानाशी येऊन, हसून, अगदी नाजूक आवाजात काहीतरी सांगायची. मी तोंडाकडे बघायची. "काय म्हणालात?" ती पुन्हा तसंच नाजूक बोलायची, माझ्या कानामागच्या मशीनकडे बघत. जणू मीच मशीनच्या आत बसलेय.

मी गोंधळले. मशीन नव्हतं तेव्हा मला गिरणीत ऐकू यायचं आणि आता नाही, हे सांगायचं तरी कुणाला? काकूंना? ज्यांनी गिरणी बंद ठेवली त्यांना? मी मान खाली घालून काम करत राहिले. चूक झाली की बाईचा डबा पुन्हा बघायचा, धान्य हातात घेऊन विचारायचं, "हे कशावर?" असं रेटत राहिले. निदान नवरात्र येईपर्यंत.

नवरात्रात गिरणीत वेगळाच खेळ असतो. उपवासाचं दळण, म्हणजे भगर, राजगिरा, साबुदाणा, हे कशावरच टाकता येत नाही. एक कण गहू गेला तरी उपवास मोडतो. म्हणून सकाळी लवकर लहान मशीन पूर्ण उघडायचं, दगड ब्रशने झाडायचे, ओल्या फडक्याने पुसायचे, वाळवायचे, आणि मग फक्त उपवासाचं टाकायचं. तोपर्यंत दोन्ही मशीन बंद. गिरणीत शांतता.

दुसऱ्या माळेच्या सकाळी मी लहान मशीनमध्ये डोकं घालून दगड पुसत होते. माझ्या मागे बाकावर उजव्या बाजूला फुलवाल्या आजी बसल्या होत्या. त्यांची गंगापूर रोडकडे झेंडूची थोडी शेती आहे, आमच्या गिरणीला हार त्यांच्याकडूनच येतो. त्या नऊच्या नऊ माळा उपवास धरतात, एक वेळ भगरीची भाकरी आणि बाकी पाणी. डाव्या बाजूला बँकेत काम करणाऱ्या एक बाई उभ्या होत्या. दोघींचे डबे भगर-राजगिऱ्याचे. शांतता असल्यामुळे मला मागचं सगळं ऐकू येत होतं, स्वच्छ, वळूनही न बघता. मला एवढं छान वाटलं. जन्मात पहिल्यांदा मी काम करता करता ऐकत होते. नाहीतर आधी तोंड बघायचं, मग ऐकायचं, हा माझा क्रम.

तेवढ्यात मागून आवाज आला, "अगं, माझं मोठ्या मशीनवर टाकलंस तरी चालेल. गव्हावर टाक. मला यंदा उपवास नाही, शुगर वाढलीय, डॉक्टर रागावलेत. घरात पीठ असावं म्हणून फक्त. मला घाई आहे."

आवाज उजवीकडून आला. मी "बरं" म्हणाले. हात पुसले, मोठं मशीन चालू केलं, आणि उजवीकडचा डबा उचलून त्यात टाकला. वर विचारही केला, आजींना शुगर झाली वाटतं, या वयात होतेच. आजी तेव्हा बाहेर टोपलीपाशी गिऱ्हाइकाला फुलं देत होत्या. दुसरा डबा मी नंतर पुसलेल्या मशीनवर टाकला. बँकेतल्या बाई घड्याळाकडे बघत होत्या. त्यांना वाटलं असेल, मी आधी आजींचं संपवतेय.

मी ऐकलेले शब्द चुकले नव्हते, एकही नाही. फक्त माणूस चुकलं.

दुसऱ्या दिवशी आजी आल्या त्या डबा आपटतच. मोठं मशीन चालू होतं तरी मला कळलं.

"हे काय हाय? बघ, बघ की पीठ! लाल कोंडा दिसतोय. गव्हाचा हाय का नाय हा? काल सांजच्याला अंधारात खाल्ली मी भाकर. सकाळी उजेडात बघितलं तर हे!"

काकू धावत आल्या. चिमूटभर पीठ तळहातावर घेऊन त्यांनी उजेडात धरलं. माझ्याकडे बघितलं. "लहान मशीन पुसलं होतंस ना?"

"पुसलं होतं. पण आजीच म्हणाल्या, गव्हावर टाक."

"मी म्हणले?" आजींनी पदर कमरेला खोचला. "मी? नऊ माळा धरणारी मी म्हणीन गव्हावर टाक? माझ्या आईच्या वेळेपासून धरते मी. माझी तोंडं हायेत का दोन?"

"तुम्हाला शुगर झाली म्हणून..."

"मला? शुगर? लय शिकली गं तू, माझी शुगर मला न सांगता!"

रांगेतल्या बायका हसल्या. मग त्यातली एक दुसरीला म्हणाली, मला ते बरोबर ऐकू आलं, कारण त्याच क्षणी काकूंनी मशीन बंद केलं होतं. "अहो, तिला ऐकू येत नाही ना. ते डोक्यावर बघा, बहिऱ्या लोकांचं मशीन आहे ते."

इतक्या दिवसांत गिरणीत मला एकाही गिऱ्हाइकाने बहिरी म्हटलं नव्हतं. मशीन लागल्यावर मी बहिरी झाले.

आजी डबा तिथेच ठेवून निघून गेल्या. जाताना काकूंना म्हणाल्या, "तुमच्यासाठी येत होते हितं. आता पंचवटीला टाकीन." त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही उपवासाची दळणं कमी आली. त्यात काकू मला काही बोलल्या नाहीत, ते मला जास्त लागलं. बोलल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. जेवताना त्या ताटाकडे बघत राहायच्या. मला वाटायचं, आईला फोन करून आता त्याच सांगतील, घेऊन जा.

चौथ्या माळेला मीच म्हणाले, दवाखान्यात जायचंय. काकू बरोबर आल्या. चाचण्या करणाऱ्या ताईंना मी सगळं सांगितलं, आजींचं, डावीकडून बोललेल्या बँकेतल्या बाईंचं, दगडांचं. काकू बाजूला बसून ऐकत होत्या. हे सगळं त्याही पहिल्यांदाच ऐकत होत्या, हे मला बोलता बोलता लक्षात आलं आणि माझा आवाज अजूनच बारीक झाला.

ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आवाज कुठल्या बाजूने आला हे कळायला दोन कान लागतात. तुझं मशीन एकच आहे, आणि हाड आवाज दोन्हीकडे सारखाच नेतं. त्यामुळे तुला सगळं एकाच जागेहून आल्यासारखं वाटणार. वळून बघायचं, हे सोडू नकोस."

"आणि गिरणीत? आधी मला गिरणीत येत होतं ऐकू."

"येत असणारच. तुझ्यासारख्या बऱ्याच जणांचं असं असतं. बाहेरचा गोंगाट तुझ्यापर्यंत कमी पोचायचा, आणि त्या गोंगाटामुळे समोरचे सगळे ओरडून बोलायचे. ते ओरडणं तुला पुरायचं."

म्हणजे माझा कान गिरणीत चांगला व्हायचा असं जे मला वाटायचं, ते काय होतं? लोक ओरडत होते एवढंच? माझं त्यात काहीच नव्हतं? मला वाईट वाटावं की बरं, ते मला तेव्हा कळलं नाही. अजूनही नीट कळत नाही. काकू मात्र खुर्चीत पुढे सरकल्या. "म्हणजे ताई, गिरणी चालू असताना ते काढून ठेवलं तर?"

"ठेवू दे की. पिठाची धूळ त्यात गेली तर ते बिघडेलच. शांत असेल तेव्हा लावावं, आणि लोकांना सांगावं की ओरडा."

बाहेर आल्यावर काकू रिक्षात म्हणाल्या, "मला आधी सांगायला तुझ्या तोंडाला काय कुलूप होतं?"

"तुम्ही एवढं केलंत म्हणून."

"केलं ते ऐकू यावं म्हणून केलं, गप्प बसावं म्हणून नाही," म्हणाल्या आणि बाहेर बघायला लागल्या. त्या रागावल्या होत्या की नाही, त्यांच्या पाठमोऱ्या डोक्यावरून मला सांगता येईना.

पाचव्या माळेपासून नवी पद्धत सुरू झाली. मशीन सुरू करायच्या आधी मी डोक्यावरचं काढून झाकणाच्या डबीत ठेवायची. काकू दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायच्या, "ओरडा, ओरडा, लाजू नका."

"अहो, पण आता मशीन आहे ना तिला?"

"आहे."

"मग ओरडायचं कशाला?"

"आहे म्हणूनच काढून ठेवलंय."

बायकांना काही कळायचं नाही, पण त्या ओरडायच्या. आणि उपवासाचं मशीन पुसताना, शांततेत, मी डोक्यावर लावून काम करायची, तेव्हा माझाच एक नियम होता. जी बोलेल तिने हात वर करायचा. मी वळून बघणार, हात दिसला की तिचा डबा. पहिल्या दिवशी बँकेतल्या बाईच हात वर करून म्हणाल्या, "शाळेत आल्यासारखं वाटतंय." सगळ्या हसल्या. पण करायला लागल्या. काही तर दोन्ही हात वर करायच्या.

फुलवाल्या आजी मात्र आल्या नाहीत. त्यांचा एक नातू येऊन डबा घेऊन गेला.

खंडेनवमीला गिरणी बंद असते. त्या दिवशी हत्यारांची पूजा. मोठं मशीन, लहान मशीन, वजनकाटा, गुळगुळीत झालेल्या दगडांना टाकी लावायची छिन्नी-हातोडी, सगळं धुवून पुसून हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, हार घालायचा. सकाळी शटर वर केलं आणि पाहिलं तर आजी पायरीवर. टोपलीत हार. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सालाबादचा हाय. मशिनीचा काय दोष." काकूंनी हार घेतला, त्यांना आत बोलावून चहा दिला. त्या डाव्या बाजूला बसल्या. मी मुद्दाम वळून बघितलं, कुठे बसल्या ते.

पूजा मांडताना काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझंही ठेव की पाटावर. तुझं हत्यार तेच." मी टक् करून काढलं आणि डबीसकट पाटावर ठेवलं. काकूंनी कुंकू डबीला लावलं, आतल्या वस्तूला नाही. हे बघून मला फार बरं वाटलं. त्यांनी ताईंचं किती लक्ष देऊन ऐकलं होतं.

पण आता गिरणी बंद, माझं मशीन पाटावर. मला काहीच ऐकू येत नव्हतं. काकूंची आणि आजींची तोंडं हलत होती. काकूंच्या हातात फोन होता, तो वाजला असावा, त्या कुणाशी तरी बोलू लागल्या. बोलताना दोन-तीनदा माझ्याकडे बघितलं. आजीही बघत होत्या. मग काकूंनी फोन तोंडापासून लांब धरला, माझ्याकडे वळून काहीतरी विचारलं, आणि भुवया उंचावून थांबल्या.

माझी एक सवय आहे, बहुतेक सगळ्या माझ्यासारख्यांची असावी. कुणी असं थांबून बघितलं की माझी मान आपोआप होकाराची हलते. दोन-चार वेळा विचारायला लावण्यापेक्षा हो म्हटलेलं बरं पडतं. आयुष्यात मी कशाकशाला हो म्हणाले आहे, मला माहीत नाही. तशीच मान हलली. काकू पुन्हा फोनवर बोलल्या, आणि फोन बंद झाला. आजींनी चहाचा कप खाली ठेवून पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं.

पूजा झाल्यावर मी डबी उघडून मशीन लावलं. पंखा बोलायला लागला.

"काकू, मी कशाला हो म्हणाले?"

"म्हणजे?"

"मला ऐकू आलं नव्हतं."

"मग मान कशाला हलवलीस?"

आजी हसल्या की खोकल्या कळलं नाही. काकू कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "तुझ्या आईचा फोन होता. परवा निघते म्हणत होत्या, तुला न्यायला. मी विचारलं तुला, राहायचंय ना इथंच? तू हो म्हणालीस. मी त्यांना सांगितलं, पोरगी राहते म्हणतेय, नका येऊ." मग म्हणाल्या, "आता काय? परत लावू का फोन?"

फोन त्यांच्या हातातच होता. मला प्रश्न ऐकू आला असता तर मी एवढ्या लवकर हो म्हणाले नसते. आई काय म्हणेल, काकूंना खरंच हवी आहे का मी, एवढी मोठी चूक करून वर राहायचं कसं, हे सगळं मध्ये आलं असतं. मी बहुतेक म्हणाले असते, तुम्ही म्हणाल तसं. आणि मग काकू काय म्हणाल्या असत्या, देव जाणे. हे उत्तर माझं होतं की माझ्या मानेचं?

"नका लावू," मी म्हणाले.

"काय?"

"नका लावू."

"हां," काकू म्हणाल्या, "जरा जोरात बोलत जा." आणि फोन कमरेला खोचून त्या नारळाचे तुकडे करायला बसल्या.

आई तिकडे फोनवर काय म्हणाली, ते काकूंनी मला सांगितलं नाही. संध्याकाळी मी स्वतः लावणार आहे असं दिवसभर घोकत होते. लावला, तेव्हा आईचा तो बारीक, स्वच्छ आवाज आला, "बोल बाई." आणि मी काकूंनी सांगितलं तसं जोरात म्हणाले, "आई, मला इथंच राहायचंय."